‘आपण’ म्हणायचं

बाई,

तुमच्याकडे पोळ्या करायला यायचे, तेव्हा शेजारच्या वहिनी ओट्याशी उभ्या राहून मला मनातलं सांगायच्या. ते बघून तुम्हीच म्हणालात, “अगं, तुझे कान कामाचे आहेत. केंद्रावर चल.” रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलेली मी, कोथरूडच्या त्या खोलीत फोनपुढे बसले. जगणं नकोसं झालेली माणसं तिथे फोन करायची. पहिल्याच दिवशी एका मुलीला मी “जेवलीस का गं?” विचारलं, तर तुम्ही टेबलावर पेन्सिल आपटलीत. “तू तिची आई आहेस का? लाड घरी करायचे. इथे फक्त ‘आपण’ म्हणायचं.”

मग ती दुपार. खोलीत मी एकटी. कर्वेनगरहून एक तरुण बोलतोय, गाव यवतमाळकडचं. कॉम्प्युटर कंपनीतली नोकरी गेलीय, घरी सांगायची हिंमत नाही, आता जगायचंच नाही म्हणतो. आधी अगदी पुस्तकी बोलतो, मग भाषा घसरत घसरत गावाकडे जाते. मी विचारते, “आपल्याजवळ कुणी आहे का?” तो हसतो. “काकू, मले आपण काहून म्हणता जी? काढून टाकणाऱ्या सायबानंबी आपणच म्हटलं. तुमी तरी तू म्हणा ना.”

ओठांवर आलेलं “बाळा” मी गिळलं. तुम्ही तिथे नव्हतात, तरी पेन्सिल ऐकू आली. “आपण शांतपणे सांगा,” म्हणाले.

“राहू द्या, मॅडम.” आणि फोन बंद.

त्याचं पुढे काय झालं, देव जाणे. आपल्याला कुणाचा नंबर दिसायचा नाही. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, तर वहीतून मान वर न करता म्हणालात, “आपण बरोबरच केलंत.” मला आपण! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाराबाहेर उभं केल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तुमच्या पोळ्या करपवल्या त्या मुद्दाम, हे आता सांगते.

तुमच्या शोकसभेत जो तो तुमच्या शिस्तीचं कौतुक करत होता. मी चहाचा कप धरून बसले, तोंड कडू. बाईंच्या नियमानं एक पोरगं हातचं गेलं, हेच मनात घोकत आलेय. तुम्ही होतात तेव्हाच हे लिहून तुमच्या हातात ठेवायचं होतं. पण एक गोष्ट गाळल्याशिवाय ते लिहून होईना. त्या दुपारी पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला होता. तोच असणार. आता त्याला काय म्हणू, या भीतीनं मी नुसती बघत राहिले, वाजायचा थांबेपर्यंत.