नटावरची लाल रेघ

वालूर,
मंगळवार, १७ जून २०२५

चि. सुगत यास,
अक्काचा सप्रेम जयभीम.

कशामुळे लिहावं लागलं ते आधी सांगते. परवा रविवारी तुझी संघप्रिया माझ्याकडे आली, आज परत निघेल. तिच्या आयटीआयच्या अर्जावर तू सही करत नाहीस. गुण चांगले आहेत, डिझेल मेकॅनिकची जागा मिळण्यासारखी आहे, मुदत शुक्रवारी संपते, आणि तू तिला म्हणतोस, "आपल्या घरच्या हाताला गुण न्हाई. इंजिनाच्या नादी लागू नको." मुलगी म्हणून अडवलं असतंस, तर मी एसटीने जिंतूर गाठून तुझ्याशी भांडले असते. पण तू हे कारण दिलंस. त्यावर भांडायला मला तोंड नाही. फोनवर तू "बरं, अक्का" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद.

इकडे ठीक आहे. बीपीची गोळी वेळेवर घेते. शेजारच्या पार्वतीबाईच्या शेळीला दोन करडं झाली, ती दिवसभर माझ्या अंगणात असतात. वसतिगृहातली तुझी चौकीदारी पक्की झाली हे कळलं. बरं वाटलं असं लिहायला हवं, पण वाटलं नाही. आयटीआयला पहिला आलेला माणूस फाटक उघडतो नि लावतो, आणि घरचा पंखा अडला तर वायरमनला बोलावतो. संघप्रियाने हे हसत सांगितलं. मी हसले नाही.

यापुढचं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी सगळं लिहिते, कारण हे पत्र तिनेही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी भाकरी करीत होते तोवर ती पत्र्याच्या शेडात गेली. लांबडी अजून तिथेच आहे. सेलूच्या ज्या कापूस-जिनिंगवाल्याकडे आपल्या वडिलांनी, अण्णांनी, सव्वीस वर्षं गाडी चालवली, त्याने निवृत्तीच्या वेळी त्यांना दिलेली ती जुनी ॲम्बेसेडर. स्टेशन वॅगन, मागे लांब डबा, म्हणून गावाने ठेवलेलं नाव लांबडी. तासाभराने पोरगी कोपरापर्यंत काळी होऊन आली.

"आत्या, गाडीच्या नटा-नटावर लाल रेघा कशाच्या?"

मी सांगितलं. ती तुझी पद्धत होती. नट पक्का आवळला की अर्धी नटावर, अर्धी पाइपावर अशी बारीक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडते.

"मंग टाकीच्या पाइपाची रेघ सरळ हाय की. मी चिंधीनं पुसून पाहिली. बाबा म्हणतेत तो नट ढिला राहिला अन् डिझेल सांडलं. ढिला झालाच न्हाई, तर सांडलं कुठून?"

मी म्हणाले, "भाकरी गार व्हायलीय. जेव आधी."

छत्तीस वर्षं वर्गात आणि विहारात मी मुलांना एकच सांगत आले: नशीब म्हणू नका, कारण शोधा. एक मुलगी कारण शोधून माझ्यासमोर उभी राहिली, तर तिला मी जेव म्हटलं. ती जेवली.

सन शहाण्णवचं ते साल आठव. लांबडी पेट्रोल इतकं प्यायची की अण्णांनी तिच्यावर ताडपत्री टाकली होती. तू परभणीहून आयटीआय करून आलास आणि म्हणालास, "हिला डिझेलवर करू. वालूर-सेलू भाड्यानं चालवू." उलटलेल्या टेम्पोचं इंजिन भंगारातून आणलंस. दोन महिने तू त्या शेडात राहिलास. इंजिन जड, त्याने गाडी पुढून दबू नये म्हणून खालचा आधार वाढवलास. गिअरबॉक्स जुळेना, तर लेथवाल्याकडून मधली जाड चकती तीनदा फिरवून आणलीस. टाकी उतरवून आतून धुतलीस. मी म्हणायचे, नोकरीचे अर्ज भर. तू म्हणायचास, "अक्का, आवाज तर ऐक." पहिल्यांदा चालू झालं तेव्हा शेडाचे पत्रे थरथरले आणि अण्णा लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले.

शेवटचं एक काम तू मला दिलंस. लाल ऑइलपेंटचा डबा पुढे ठेवून म्हणालास, "तुजं अक्षर लय चांगलं हाय. टाकीच्या झाकणावर 'डिझेल' लिवून दे. पंपावाले चुकतेत, जुनी ॲम्बेसेडर पाहून पेट्रोल घालतेत." मी बरं म्हटलं. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते. तीन आठवडे डबा खिडकीत होता. तू रोज त्यातला थेंब घेऊन आपल्या रेघा ओढत होतास. मला पाच अक्षरं लिहायला वेळ झाला नाही.

पाच नव्हेत, तीनच. आत्ता मोजली.

पहिलं भाडं सरजाबाईच्या लेकीच्या लग्नाचं. वालूरहून बोरीला नवरी पोचवायची. तू चालवत होतास, मी पुढे, मागे नवरी, सरजाबाई आणि चार बायका. अण्णा आणि नवरीचा मामा तात्याराव मोटारसायकलवर मागून. वाटेतल्या पंपावर नवरीला मळमळू लागलं, तू तांब्या घेऊन समोरच्या हॉटेलात पाण्याला गेलास. पंपावरच्या माणसाने विचारलं, "बाई, काय भरू?" मी मागच्या बायकांना लग्नात हुंडा का घेऊ-देऊ नये ते सांगत होते. मान न वळवता म्हणाले, "पेट्रोल. वीस लिटर." सात वर्षं त्या गाडीत बसून तेच म्हणत आले होते. तू परत आलास. "भरलं का, अक्का?" "भरलं."

पुढे इंजिन खडखडायला लागलं, पांढरा धूर आला, आणि पाच-सहा किलोमीटरवर गाडी उन्हात उभी राहिली. तू ट्रॅक्टर आणायला बोरीकडे पळत सुटलास. अण्णा मागून आले. त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. झाकण लावलं. मग गाडीखाली सरकून टाकीच्या तळाचं बूच काढलं आणि सगळं मातीत सोडून दिलं; बघणाऱ्यांना ती दुरुस्तीच वाटली. तू ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत वैशाखाच्या उन्हाने माती वाळवली होती. अण्णा तुला म्हणाले, "पाइपाचा नट ढिला राहिला बाबा. समदं गळून गेलं. कोरडा चालून इंजिनाचा पंप धरला." तू खाली वाकून पाहिलंसुद्धा नाहीस. अण्णांचा शब्द तुला पुरला.

तात्याराव काय म्हणाले ते तू विसरला नसशील. "गायीला रेड्याचं काळीज बशिवलंय ह्यानं! दूध बी न्हाई अन् नांगर बी न्हाई." बायका हसल्या. सरजाबाई मात्र रडत म्हणाली, "माजी लेक उनात उभी केलीस रे! तुज्या हाताला गुणच न्हाई." तो शब्द आपल्या आधी वालुरात पोचला. त्यानंतर कोणी पाण्याची मोटरसुद्धा तुझ्याकडे आणली नाही. दिवाळीपर्यंत तू गाव सोडलंस. गुण आणि अवगुण हातात नसतात, हे ठणकावून सांगणारी एकच बाई गावात होती. ती गप्प बसली, कारण तो शब्द तिला सोयीचा होता.

रविवारपासून हे पत्र दोनदा लिहून फाडलं. दोन्हींत लिहिलं होतं की, अण्णांनी वास घेतला तेव्हा मला कळलं. ते खोटं आहे. पहिली खडखड ऐकली तेव्हाच मला माझं वाक्य आठवलं होतं. "सुगत, थांब" एवढं म्हणायचं होतं. टाकी रिकामी केली असती, इंजिन वाचलं असतं, नवरी तासभर उशिरा पोचली असती. पण मागे त्या बायका होत्या, ज्यांना मी अर्धा तास शहाणपण सांगत होते. त्यांच्यासमोर बाईंची चूक निघाली असती. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

अण्णांना दोष देऊ नकोस. त्यांनी घरातल्या एकुलत्या एका शिकलेल्या लेकीची अब्रू राखली, आणि पोरगा तरुण आहे, सावरेल असं धरून चालले. जाईपर्यंत त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांचं खोटं एका दुपारचं. पुढची एकोणतीस वर्षं माझी.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मी पुन्हा सुटेन. एवढंच म्हणते: तुझ्या हाताने काही बिघडलं नव्हतं. अर्जावर सही कर. सहीसाठी हवं असेल तर विहारात सगळ्यांसमोर हेच वाचून दाखवीन. सरजाबाई थकली आहे, पण ऐकू येतं. तिच्याकडे उद्या जाणार आहे.

लांबडी आता रस्त्यावर आणता यायची नाही. उघडून शिकायला चालेल. शिकवणारा मात्र लागेल.

आज संघप्रियाच्या हाती दिलं ते असं: गाडीची किल्ली, एक. गाडीचं पुस्तक, त्यात इंधनाच्या रकान्यात अजून पेट्रोलच आहे, ते बदलून आणायचं राहिलं. तुझं आयटीआयचं प्रमाणपत्र, जे तू जाताना चुलीजवळ टाकलं होतंस. एक कोपरा जळका. पाइपाचा नट दिलेला नाही, त्याला पान्हा लावायचा नाही असं तिला बजावलं आहे. तो तू स्वतः येऊन पाहावास.

आणि टाकीचं झाकण, एक. जुना डबा दगड झाला होता, नवा आणला. काल संध्याकाळी त्यावर 'डिझेल' लिहिलं. अक्षर पहिल्यासारखं नाही, तरी वाचता येतं. रंग अजून ओला आहे, बोट लावू नये.

तुझी,
अक्का

वरील सर्व मिळालं.
संघप्रिया सुगत खंदारे