मंगळवारचे कुलूप

ता. ४ फेब्रुवारी

चि. पुस्तकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या भावजींनी ते मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा सासूबाईंनी घाबरून विचारले की कोर्टाची नोटीस आली की काय. बाई गं, सख्ख्या बहिणीला लिहिताना तरी ‘तथापि’ जरा कमी वापरत जा.

दूध केंद्रावर आता तपासणीचे काम माझ्याकडे आले आहे. मी यंत्र लावले की पाणी घालून आणणाऱ्यांचे चेहरे पडतात. मजा येते.

आता मुद्द्याचे. धाकटीच्या वेळी मी कशी वाचले, ते तू पाहिलेच आहेस. आणखी तीन वर्षे पाळणा हलता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून मी इंजेक्शन घेते. त्याची मुदत आता संपत आली आहे आणि आरोग्य केंद्राला कुलूप आहे. इतर दिवशी केंद्र उघडे असते. पण चार गावच्या बायकांना घराबाहेर पडायला मिळते ते मंगळवारच्या बाजारालाच. नेमक्या त्याच दिवशी नर्सबाई तालुक्याला तुमच्याकडे बैठकीला येतात. मलाही कामावरून मंगळवारीच सुटता येते. परवाच्या मंगळवारी आम्ही सातआठ जणी भाजीच्या पिशव्या घेऊन कुलपाकडे बघत उभ्या होतो.

तू औषधभांडाराची मालकीण. माझ्यापुरते एक इंजेक्शन पाठवशील का?

तुझी
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव कासावीस झाला. तथापि (हा शेवटचा) इंजेक्शन पाठवणे मला शक्य नाही. मी मालकीण नव्हे, राखणदार आहे. भांडारातील वस्तू स्वतःच्या बहिणीसाठी उचलली, तर उद्या कोणालाही अडवण्याचे तोंड मला उरणार नाही. शिवाय ते टपालाने पाठवण्यासारखे औषध नाही. ते नर्सबाईंनीच, तपासून द्यायला हवे. माझ्यावर रागावू नकोस.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुमच्या केंद्रातून इंजेक्शने आणि गोळ्या न वापरता परत येतात. मागच्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी त्यावरून निष्कर्ष काढला की तिकडच्या बायकांना या गोष्टीत रसच नाही; सबब पुढच्या खेपेपासून तुमचा वाटा निम्मा करून दुसरीकडे द्यावा. मी शेवटच्या खुर्चीवर बसले होते. हे चूक आहे असे मनात येत होते, पण का चूक आहे ते सांगता येत नव्हते. आता तुझ्या पत्राने कारण कळले. कालच्या बैठकीत ते सांगायचे म्हणून मी चार वाक्ये पाठ करून गेले. मनात त्यांची उजळणी करते तोच चहा आला, बैठक संपली.

आपल्या आशीर्वादास अजून पात्र असलेली,
पुस्तकी


ता. १३ फेब्रुवारी

चि. पुस्तकी हिस,
आशीर्वाद आहेतच, रागही आहे.

इंजेक्शनाबद्दल नाही. तिथे तुझे बरोबर, आणि मी मागायलाच नको होते. पण आम्हाला रस नाही हे ऐकून तू चहा प्यायलीस? शाळेत पहिली आलीस तेव्हाही बक्षीस न घेताच व्यासपीठावरून उतरली होतीस. मागून शिपाई धावत आला होता.

इकडची हालहवाल ऐक. तोवर निरोध आणायला मी तुझ्या भावजींना शहरातल्या औषधाच्या दुकानात पाठवले. ते ऐटीत गेले. गिऱ्हाइकांत त्यांचे जुने मास्तर उभे! गृहस्थ खोकल्याचे औषध घेऊन परत आले. हा पराक्रम कळल्यावर सासूबाईंनी त्यांची खाट ओसरीवर नेऊन टाकली. मला एवढेच म्हणाल्या की त्यांच्या वेळी असले काही मिळत नव्हते. आता मिळते आहे तर ते कुलपात का.

त्याचे उत्तर तू दे. बोलता येत नसेल तर बोलू नकोस. पण काहीतरी कर. निम्मा वाटा एकदा गेला की परत यायचा नाही.

तुझ्यावर भरवसा ठेवून बसलेली,
ताई


ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केले.

नर्सबाई बैठकीच्या दिवशीच भांडारातून सामान नेतात, पण ते कोणत्या वारी द्यायचे, हे ठरवणे माझ्या हाती आहे. मी दारावर पाटी लावली की यापुढे सामान मंगळवारी मिळणार नाही, गुरुवारी मिळेल. मंगळवारी बैठकीला आलेल्या नर्सबाईंनी ती वाचली आणि एकच गिल्ला केला. एकीने तर विचारले की आठवड्यातून दोन खेपा घालायला आम्ही काय टपालगाडी आहोत?

मोठ्या डॉक्टरांनी मला सर्वांसमोर उभे केले. ही पाटी कोणाला विचारून लावली, असे त्यांनी विचारले. चांगले सुसंगत निवेदन तयार केले होते, ते सगळे उडून गेले. मी एवढेच म्हणाले की मंगळवारी बायका केंद्रावर येतात आणि नर्सबाई इथे असतात. त्यांना रस नाही असे नाही, त्यांना कुलूप दिसते.

डॉक्टर तुमच्या नर्सबाईंकडे वळले. त्या म्हणाल्या की खरे आहे, बैठक चुकवली तर पगार कापतात, म्हणून आजवर गप्प होते. आमच्याकडे गुरुवारी कुठेच बाजार नसतो, असे मघाच्या टपालगाडीने सांगून टाकले. बैठक गुरुवारवर गेली. वाटाही तूर्त कायम आहे. पावसाळ्यापर्यंत सामान परत आले नाही तर पुढेही तसाच राहील.

न विचारता पाटी लावल्याबद्दल मला लेखी समज मिळाली आहे. ती मी प्रशस्तिपत्रांच्या फाइलीत लावली.

मंगळवारी नक्की जा. तुझ्या बातमीकडे डोळे लावून बसलेली,
पुस्तकी


ता. १ मार्च

चि. पुस्तकी हिस,
शाबासकी आणि आशीर्वाद, दोन्ही भरभरून.

काल मंगळवार होता आणि दार उघडे होते! रांग पार भाजीवाल्यांपर्यंत गेली होती. मला दूध केंद्रावरून निघायला उशीर झाला, तर सासूबाई माझ्या जागेवर टोपली घेऊन बसलेल्या. तुम्हाला आता या वयात कशाला, असे कोणी चिडवले, तर त्या म्हणाल्या की सुनेसाठी जागा धरली आहे, आणि मागे सरकायचे नाव घेऊ नका. नर्सबाईंनी आधी माझी तपासणी केली. सगळे ठीक निघाले, तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आले. मग सुई टोचली. अजून आठवडाभर खाट ओसरीवरच ठेवा, असे त्यांनी सांगितले आहे. हे ऐकून तुझ्या भावजींनी ओसरीवर आणखी एक गोधडी नेली.

दुपारपर्यंत इंजेक्शने संपली. उरलेल्या बायकांना पुढच्या मंगळवारी बोलावले आहे, तेव्हा या गुरुवारी नर्सबाईंना हात सैल सोडून दे.

आमच्या गावातून यावेळी परत करायला एकच औषध उरले आहे. खोकल्याचे, सीलबंद. त्यात खरोखरच कोणाला रस नाही. भांडारात घेतेस का?

कळावे. लोभ आहेच, त्याला कुलूप लावू नकोस.

तुझी
ताई