बाबांची फुली

डेट्रॉईट, ऑक्टोबर १९६७

प्रिय आई,

तुझ्या लेकीचा, ओडेसाचा, मिसिसिपीपर्यंत पोचेल एवढा मोठा नमस्कार.

इथं सगळं ठीक आहे. जुलैच्या दंगलीनंतर आलेले सैनिक केव्हाच परत गेले. आमची एकच काच फुटली होती, तीही बसवून झाली. तुझा गुडघा कसा आहे?

टॅगर्ट आता म्हातारा झालाय, त्याला माफ कर, असं तू लिहिलंस. अगं, मतदार नोंदणीच्या खिडकीत हाच बसायचा ना? बाबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सहीच्या जागी फुली मारली. तर हा म्हणाला, "पोरा, हे काय कोंबडीनं उकरलंय?" अख्खी कचेरी हसली. बाबा साठीचे होते, आई! त्यानं अर्ज फाडला, आणि बाबा नाव नोंदवायला गेले म्हणून दुसऱ्याच दिवशी आपण राहायचो त्या मळ्याच्या मालकानं आपलं सामान रस्त्यावर फेकलं.

आता कायदा बदललाय. आपल्या काळ्या माणसांना, अगदी अक्षरशत्रूलाही मत आहे, आणि टॅगर्ट त्याच खुर्चीसाठी निवडणुकीला पुन्हा उभा आहे.

रविवारी चर्चमध्ये त्याला खुशाल माफ कर. मंगळवारी मात्र पिवळी हॅट घालून मतदानाला जा, आणि त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या आपल्या मास्तरांच्या नावापुढे मताची फुली मार. अगदी बाबांसारखी, वाकडी. बघू दे त्याला, कोंबडीनं काय उकरलंय ते.

काहीही न विसरलेली,
तुझी ओडेसा