पलीकडची अर्धी भाकरी

बाबा, आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत आणि आई मागच्या पडवीत आडवी झाली आहे. मी ओट्यावर बसून चार पानांचा एक अर्ज भरते आहे. सकाळपासून भरतेच आहे. नाव, पत्ता, कुंपण आहे का, दिवसभर घरी कोण असतं, सगळं लिहून झालं. शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे, तिथे पेन थांबलं, म्हणून दुसरा कागद घेतला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आज वाटलं ते एका कुत्र्यापायी.

शिमग्यानंतर आई न्हाणीच्या पायरीवरून घसरली. पाय मोडला नाही, मुरगळला. पण दोन तास ती तिथेच पडून होती आणि कुणाला पत्ता नव्हता. मी कुडाळला ऑफिसात, दादा डोंबिवलीला. शेवटी शेजारच्या काकी विरजण मागायला आल्या म्हणून कळलं. शनिवारी मी एसटीने पोचले तर आई पाटावर पाय ठेवून बसलेली आणि काकी तिला सुनावत होत्या, "घरात एखादो कुत्रो असतो तर भुकान गाव गोळा केल्यान असतो." आईने पायावरचा हळदीचा लेप न हलवता उत्तर दिलं, "होतो एक. तुझ्या कोंबयांनी खाल्ल्यानी तेका." काकी आधी हसल्या, मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "इतकी वर्षां झाली, अजून काढतंस गो." त्या दिवशी घरात कुत्रा आणायचं ठरलं, आणि कुठला आणायचा ते ठरवायचं काम माझ्यावर आलं. घरातली सगळी ठरवायची कामं आता माझ्यावरच येतात. मला त्याचा कंटाळा नाही, थकवा आहे.

दादाचं एका मिनिटात ठरलं होतं. कोल्हापूरकडे एक माणूस लॅब्राडोरची पिल्लं विकतो, त्याचा नंबर त्याने पाठवला. मी त्या माणसाला फोन केला. गोड बोलला. पिल्लांचे फोटो आले, प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची दोरी. "लाल दोरीवाला की हिरवा, तेवढं सांगा मॅडम, शनिवारी गाडीत घालून देतो." मी विचारलं, पिल्लांची आई कुठे आहे. म्हणाला, "आहे की, मागं आहे." मागे म्हणजे कुठे, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि राहिलं. त्याने मात्र मला काहीच विचारलं नाही. घर कसलं, कुत्रा कोण सांभाळणार, काही नाही. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं, आणि हलकं का वाटलं याचा मग चार दिवस घोर लागला.

दादा म्हणतो, "तू फार विचार करतेस. कुत्रा आणायचाय, सून नाही." आईला त्या फोटोंचं काही नव्हतं. तिने चष्मा लावून एकेक पिल्लू बघितलं आणि विचारलं, "ह्यो माशाचो काटो खातलो काय? की तेका दूधपाव होयो?"

दुसरी जागा धामापूरच्या रस्त्याला आहे. एक निवृत्त टीचर तिथे आपल्या आवारात टाकलेले, गाडीखाली आलेले कुत्रे ठेवतात आणि बरे झाले की चांगल्या घरी देतात. मागच्या रविवारी मी गेले होते. तिथे एक तांबडी कुत्री आहे, पाचेक वर्षांची, एक कान फाटलेला. कुणीतरी बाजारात सोडली होती. मग एका घराने नेली आणि दोन महिन्यांनी परत आणून बांधली, कारण ती दारातल्या चपला पळवते. बाकीचे सगळे कुत्रे माझ्या अंगावर उड्या मारत होते. ती लांब बसून माझ्या चपलांकडे बघत होती. टीचर म्हणाल्या, "तुझ्या आईसाठी हीच बरी. भुंकते खूप, ओढत नाही." मग हा अर्ज हातात दिला. तो शेवटचा प्रश्न तिथेच माझ्या नजरेला पडला: यापूर्वी घरी कुत्रा होता का? त्याचं शेवटी काय झालं? माझा चेहरा बघून त्या हसल्या. "ह्या जिल्ह्यातले सगळे कुत्रे म्हातारे होऊन मेले आसत बघ. एकान पण दुसरा काय लिहिल्यान नाय. तू वाचून, विचार करून लिही, बाय."

विचार करून लिहायचं तुम्हीच शिकवलंत, तेव्हा आता ऐका. माझी पहिली शाळा तुमची होडी. पूल नव्हता, तुम्ही खाडीचे तारी, या काठाची माणसं त्या काठाला नेणं हे तुमचं काम, आणि आई कामात असली की मी होडीत. तुम्ही बोट पाण्यात बुडवून फळीवर अक्षर काढायचा आणि त्याखाली मी काढायचं. उन्हात 'क' वाळायच्या आत 'ख' आला पाहिजे. चुकलं की मी वाळायची वाट बघायची, वाळलं की कुणाला दिसत नाही. तुम्हाला दिसायचं. "सुकला म्हणून बरोबर झाला नाय. परत लिही." अंकही तिथेच. "चढले किती?" नऊ. "उतरले किती?" नऊ. "मगे ठीक." चढले तेवढे उतरले नाहीत तर होडी सुटायची नाही, हा तुमचा नियम. अजूनही मी एसटीतून उतरताना पिशव्या मोजते, दारातून निघताना गॅस बंद आहे का तीनदा बघते. ऑफिसातल्या बायका हसतात. हसू देत.

आपला कुत्रा तांबडाच होता. काकींच्या कोंबड्या त्याने मारल्या, यात शंका नव्हती. तिसऱ्या वेळी पिसं त्याच्या तोंडाला होती आणि काकी मेलेली कोंबडी पायाला धरून आपल्या अंगणात उभ्या होत्या. गावात अशा जनावराला पाण्यापलीकडे सोडायची रीत. पाणी ओलांडलं की जनावर वाट विसरतं म्हणतात. लोक मांजरं, पिल्लं पोत्यात घालून तुमच्याच होडीतून न्यायचे, आणि तुम्ही तेवढा वेळ वल्ह्याकडे बघायचा. त्या दिवशी तुम्ही त्याला पोत्यात घातलं नाहीत. तो आपला होडीत चढला, नेहमीसारखा पुढे उभा राहिला. मी नऊ वर्षांची, मधल्या फळीवर. पलीकडे तो उडी मारून उतरला, तुम्ही होडी लोटलीत. चढले तिघं होते. परतताना तुम्ही मोजायला सांगितलं नाहीत आणि मीही मोजलं नाही.

पण आपण एक चूक केली होती, बाबा. दुसरा कुणी सोडून आला असता तर परत त्या काठाला फिरकला नसता. तुम्ही तारी. तुम्हाला दिवसातून दहा वेळा तिथेच जायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला तो धक्क्यावर बसलेला. शेपटी हलवत पाण्याच्या कडेला आला, तुम्ही माणसं उतरवलीत, चढवलीत, निघालात. तिसऱ्या दिवसापासून आई डब्यात दीड भाकरी बांधायला लागली. दुपारच्या फेरीला तुम्ही धक्क्यावर बसून एक भाकरी खायचा आणि अर्धी त्याला. तीन वर्षं. लोक थट्टा करायचे, "तारयांनी पलीकडे दुसरा घर केल्यानी." तुम्ही वल्ह्याने पाणी उडवायचा त्यांच्या अंगावर.

एकदा मी त्याला होडीत बोलावलं. सुक्या बांगड्याचा तुकडा दाखवला, तो पुढचे दोन पाय होडीत टाकून उभा राहिला. तुम्ही माझ्यावर आयुष्यात दोनदा ओरडलात, त्यातली ही एक वेळ. त्याचे पाय उचलून तुम्ही परत धक्क्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "आज घराक हाडशीत. उद्या परत कोंबी गेली काय परत सोडशीत. एकदा सोडलंय, ता माझ्या माथ्यार आसा. दोनदा सोडूक माका जमाचा नाय." मी रडले. संध्याकाळी उरलेल्या फळीचं छोटं वल्हं करून मला दिलंत. ते अजून दाराआड आहे. आई त्याने पेरू पाडते.

बाबा, खरं सांगायचं तर लाल दोरीवाल्या पिल्लाचं मला एवढ्यासाठीच बरं वाटत होतं. त्याला अजून कुणी सोडलेलं नाही. माझ्या हातून काही चुकलं तर पहिल्यांदाच चुकेल. त्या तांबडीला एकदा बाजारात सोडलंय आणि एकदा परत केलंय. आईचं आणि तिचं जमलं नाही, किंवा तिने काकींच्या कोंबड्यांवर तोंड टाकलं, तर तिसऱ्यांदा सोडणारी मी असणार. आणि तो कोल्हापूरचा माणूस काही विचारत नव्हता. माझ्यासारख्या माणसाला न विचारणारा माणूस केवढा मोठा विसावा असतो, हे तुम्हाला कळणार नाही.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी बारा वर्षांची. ओरोसच्या दवाखान्यात तुम्ही खाटेवर, होडी धाकटे काका चालवत होते. आई सकाळी दवाखान्यात यायच्या आधी भाकऱ्या थापायची, अर्धी वेगळी कागदात बांधून माझ्या हातात द्यायची, "काकाबरोबर जावन तेका दी." शनिवारी मला तुमच्याकडे आणलं. तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, अभ्यासाचं विचाराल. तुम्ही विचारलंत, "पलीकडच्याक भाकरी दिलंस मा गो?" मी म्हटलं, "व्हय बाबा." तुम्ही डोळे मिटलेत. पुढच्या शनिवारपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. मग पूल झाला, होडी बंद झाली. आता त्या पाण्यातून तारकर्लीच्या पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला यांत्रिक होड्या जातात.

मघाशी आई उठून चहा टाकायला गेली, जाताना माझ्या अर्जावर वाकून बघितलं. "काय अडलंहा?" मी प्रश्न वाचून दाखवला. "लिही, मेलो. सोळा वर्षां झाली, मेलोच असतलो." मग चुलीत लाकूड सारताना म्हणाली, "तूच देय होतंस मा तेका मागसून. तुका म्हायती असताला." बाबा, आईला आजवर वाटतं आहे की मी देत होते.

अर्जावर मी आता लिहिलं आहे: कोंबड्या मारतो म्हणून खाडीपलीकडे सोडला. वडील होते तोवर रोज भाकरी देत होते. पुढे त्याची काळजी आम्ही घेतली नाही. काय झालं, माहीत नाही. शाईने लिहिलं आहे, वाळलं आहे, परत वाचलं, चूक नाही. टीचर हे वाचून कुत्री देतील की नाही, मला सांगता येत नाही. न दिली तर त्यांचं बरोबर असेल. दिली तर तिला घेऊन येईन, चपला आत ठेवू, काकींना खुराड्याला जाळी मी लावून देईन, आणि काही झालं तरी परत नेऊन बांधणार नाही. एवढं ठरवायला मला एक महिना लागला. दादाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "बरं बाई, सुटलो." कोल्हापूरच्या माणसाला नको म्हणून कळवलं.

चहा झाल्यावर आईला सगळं सांगणार आहे. तुम्हाला आधी. हा कागद कुठे पाठवायचा नाही, अर्जाच्या झेरॉक्ससोबत कपाटात राहील. तुम्ही दवाखान्यात होतात ते अकरा दिवस मी धाकट्या काकांच्या होडीत एकदाही बसले नाही. धक्क्यापर्यंत जायचे, पलीकडे तो बसलेला दिसायचा. मी उतरले की तो माझ्या मागे होडीत तुम्हाला शोधणार, हे मला बघायचं नव्हतं. अर्धी भाकरी मी मोडून पाण्यात टाकत होते आणि मासे खाईपर्यंत उभी राहत होते. बाबा, तुम्ही विचारलंत तेव्हा मी त्याला एकदाही भाकरी दिली नव्हती.