हुकूम इंग्रजीत, मजकूर मराठीत

१४ जून, रविवार

माझ्या चिमणीला आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते काय, सासूबाई होत्या तेव्हापासून कुरकुरतात. तू वेळेवर जेवतेस ना? उगाच हो म्हणू नकोस.

तर सांगायची गोष्ट अशी, की हे पत्र मी माझ्या बोटांनी, तुझ्या बाबाच्या कॉम्प्युटरच्या त्या काळ्या पडद्यावर लिहितेय! हो, तोच. ना चित्र, ना बाण, नुसता एक ठोकळा लुकलुकत बसतो. बाबाने जन्मभर कामं त्यातच केली, दुसरं काही त्याच्या बोटांना रुचतच नाही. आणि मी चौथी पास बाई, पण शिकले हो!

पहिल्या दिवशी धडाधड बटणं दाबली, तर एक अक्षर उमटेना. म्हटलं, "अरे, हे मेलं ऐकत का नाही?" ऑपरेशनमध्ये बाबाचा आवाज गेला हे तुला ठाऊकच आहे. नुसत्या ओठांनी म्हणाला, "आई, आधी हुकूम." म्हणजे बघ, ते उभ्या काठीसारखं इंग्रजी अक्षर दाबून यंत्राला आधी सांगायचं, बाबा रे, आता मी लिहिणार. मग लिहायचं. मी शहाणी, कळफलक मराठीवर ठेवून हुकूम सोडत होते. यंत्र ढिम्म. शेवटी त्याने ओठांनी समजावलं, "हुकूम इंग्रजीत, मजकूर मराठीत." मी म्हटलं, "तुझ्या वडिलांसारखंच की! साहेबी इंग्रजीत ओरडायचे आणि मग हळूच मराठीत चहा मागायचे." हसण्याचा आवाज आला नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

आत शिरले, तर बाहेर पडता येईना. दोनदा सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. लिहिलेलं सगळं गेलं. दूध सांडलेल्या मांजराकडे बघावं तसं बाबाने माझ्याकडे बघितलं.

मी या वयात हा खटाटोप का केला, ते विचारशील. बाबाची बोटं थरथरायला लागली म्हणून. एप्रिलपासून तुला दर रविवारी आलेली पत्रं मी लिहिलीत, बाळा. तो ओठ हलवायचा, मी टाइप करायचे. खाली 'तुझा बाबा'. पदरचा एक शब्द घातला नाही. वेलांट्या तेवढ्या माझ्या. तू उलट लिहिलंस, "बाबा, 'काळजि' काय! तुमचं शुद्धलेखन आजीवर गेलंय." मी वाचून दाखवलं. खूप हसला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. म्हटलं, "सांगूया का रे पोरीला?" तर ओठ म्हणाले, "परीक्षा होऊ दे."

झाली तुझी परीक्षा.

गेल्या रविवारी तू वाट पाहिली असशील. पत्र गेलं नाही, कारण त्याचे ओठ मला वाचता येईनात. माझ्या मनाने दोन ओळी रचता आल्या असत्या. तुझा बाबा कसा बोलतो ते मला ठाऊक नाही होय? पण हात धजेना. डॉक्टरीणबाई मला दाराबाहेर नेऊन म्हणाल्या, "आजी, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या."

आज त्याचा हात उचलून बटणांवर ठेवला. म्हटलं, तूच लिही. बोट पडलं तिथेच राहिलं.

रररररररररररररररररर

शेजारच्या मास्तरीणबाई माझ्या वेलांट्या तपासायला बसल्यात. म्हणाल्या, "आजी, ही ओळ चुकून आलीय, काढून टाका."

म्हटलं, "बाकी काय हवं ते सुधारा. तिला हात लावू नका. ती त्याची आहे."

सामान भरत बसू नकोस. आहेस तशी नीघ.

सही या वेळी माझीच आहे.

तुझी
आजी