रेडिएटरातली हळद

ऋतिक,

तू आंघोळीला गेलास तेवढ्यात लिहितोय. गाडी सुरू करू नकोस. मोबाईल बघत बघत अंगणात तू तिचा वॉटर पंप बदललास, तो झ्याक बसला होता. एक बोल्ट कमी पडला म्हणून ठिबकत होता. बोल्ट माझ्या खिशात आहे.

मग मी सांगितलं, भीमाशंकरच्या घाटात माझा ट्रक गळाया लागला की रेडिएटरात चिमटीभर हळद टाकायचो, गळती जागेवर बंद. तू अख्खा डबा पालथा केलास. राजा, मी जन्मात ट्रक चालवला न्हाई. आता आत सगळा चिखल झाला असंल. त्यात ती हळद लग्नासाठी तुझ्या आईनं दळून आणलेली. तुझ्याआधी गाडीलाच लागली.

परवा पारावर चारचौघांत तूच म्हणालास, "आमच्या आज्याचं काय खरं धरू नका, लई फेकतं म्हातारं." सगळे खदाखदा हसले. मग आज तू कशाला खरं धरलंस रं?

आज तुझी सुपारी फुटायची. मी एसटीनं कळंबला पोरीच्या घरी पुढं जातो. नवरदेव का आला न्हाई, हे ते मलाच विचारतील. तिथं मला अजून कुणी ओळखत न्हाई. सांगंन ते खरं धरतील.

आजा