मध्येच बंद पडणारा सेल

प्रिय धाकट्या,

बाबांचं बोलायचं मशीन मी गेल्या आठवड्यात देऊन टाकलं. तुला न विचारता दिलं. रागवायचं असेल तर खुशाल रागव, पण कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा कुणाच्या तरी गळ्याला लागलेलं बरं. हॉस्पिटलात बाबांना नव्याने बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवतात ना, त्यांचा फोन आला होता. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं बाबांसारखंच स्वरयंत्र काढावं लागलंय. मशीन न्यायला तिचा नवरा आला, बस चालवतो, बोलायला अघळपघळ. ते हनुवटीखाली कुठे टेकवायचं हे मी त्याला माझ्याच गळ्यावर दाखवलं. सगळं नीट बघून घेतलं आणि मग त्याने नेमकं तेच विचारलं, ज्यावरून या घरात बाबांची आणि माझी चांगलीच जुंपली होती. आत सेल कुठला घालायचा?

तू इथे होतास तेव्हा बाबा साधे सेल वापरायचे, ते जाडसर, पुन्हापुन्हा चार्ज करायचे. सेल उतरायला लागला की आवाज आधी बारीक व्हायचा, मग नाकात बोलल्यासारखा, आणि मग विझत जायचा. आवाज बारीक झाला रे झाला की तू हातातलं काम टाकून दुसरा सेल त्यांच्यापुढे धरायचास. त्यांना मागावा लागायचा नाही. तुमचं बोलणं बंद होतं त्या दिवसांतही तू तो सेल पुढे करायचास, तोंड दुसरीकडे फिरवून, पण करायचास. ज्या माणसाने फळबाजारात आयुष्यभर लिलाव पुकारला, ज्याचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाच्या हमालालाही ऐकू जायचा, त्याच्या वाट्याला ती एकसुरी घरघर आली होती. राग आणि लाड, दोन्ही एकाच पट्टीत. तू बाजारात त्यांच्या जागी उभं राहावंस म्हणून ते हट्टाला पेटले आणि तू म्हणालास, "तुमचा आवाज गेला म्हणून आता माझा वापरणार का?" मी दारातच उभी होते. मशीन बाबांच्या हातात होतं, तरी गळ्याला लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

तू गेल्यानंतरची गोष्ट तुला मी कधीच सांगितली नाही. बाबा जास्तीचा सेल पँटच्या खिशात ठेवायचे, आणि त्याच खिशात किल्ल्या. एका सकाळी किल्ल्यांचा जुडगा सेलच्या दोन्ही टोकांना टेकला आणि तो असा तापला की खिसा जळाला, मांडी भाजली. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मशीन टेबलावर, बाबा न्हाणीघरात. ओरडणार कसे? बादलीवर तांब्या आपटत राहिले. मला वाटलं, शेजारी कुणीतरी काहीतरी ठोकतंय. खाली आले तेव्हा ते ओल्या फरशीवर बसले होते आणि तोंड उघडून ओरडत होते, अजिबात आवाज नसलेलं ओरडणं. ते तोंड मला अजून दिसतं.

मांडीवरची पट्टी निघायच्या आत मी दुकानात गेले. दुकानदाराने दोन सेल शेजारी ठेवले. दिसायला भाऊभाऊ, एक जरासा लांब. त्या लांबट सेलच्या बुडाला एक छोटी चकती असते. दोन टोकं चुकून जोडली गेली, जास्त चार्ज झाला किंवा पार उतरत गेला, तर ती सेल आपोआप बंद करते. त्याला प्रोटेक्टेड म्हणतात. मी तोच घेतला. मशीनचं झाकण त्यावर जेमतेम बसायचं, अंगठ्याने दाबून फिरवावं लागायचं. पण झाकणापेक्षा बाबांची तक्रार वेगळी होती. हा सेल उतरताना आवाज बारीक होत नाही. चांगला खणखणीत चालू असतो आणि वाक्याच्या मध्ये कुणी गळा दाबावा तसा बंद पडतो. "साधाच आण," बाबा म्हणाले. "तो आधी सांगतो तरी. वाक्य आवरतं घेता येतं." मी ऐकलं नाही. भाजलेल्या मांडीला रोज मलम मीच लावत होते. हळूहळू त्यांनीही वाद सोडला. मध्येच बंद पडलं की एक बोट वर करायचे, थांब म्हणून. मग समोरचा थांबायचा आणि ते सेल बदलायचे. थरथरत्या हातांना ते झाकण लवकर दाद द्यायचं नाही, पण घरात कुणाला कसली घाई होती?

फोनवर मात्र बोट दिसत नाही. तसेही फोनवर लोक बाबांना टिकू देत नसत. पलीकडून घरघर ऐकू आली की कुणाला जाहिरात वाटायची, कुणाला खोडी. अर्ध्या शब्दात फोन कट. त्यामुळे ते फोन उचलायचेच नाहीत. त्या दिवशी तुझं नाव दिसलं म्हणून उचलला. मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तर बाबांनी बाहेरची खोली झाडून काढली होती आणि माळ्यावरून तुझी गादी काढायला स्टुलावर चढायच्या बेतात होते. मी त्यांना खाली बसवलं. म्हणाले, "धाकट्याचा फोन होता. मी परत येऊ का, विचारत होता. मी सांगत होतो, तेवढ्यात हे बंद पडलं. सेल बदलेपर्यंत त्याने फोन ठेवला." मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत त्याला? ते म्हणाले, "ये म्हटलं. दुसरं काय म्हणणार? निम्मं तरी गेलं असेल त्याच्या कानावर." गादी मीच काढली, उन्हात टाकली, झोडपली. तू आला नाहीस. बरेच दिवस त्या खोलीत ते कुणाला पसारा करू देत नव्हते. मग एकदा स्वतःच म्हणाले, "त्याला हा आवाज ऐकवत नसेल," आणि गादी परत माळ्यावर गेली.

मी तुला फोन का केला नाही? खरं सांगू, मी तुझ्यावर चिडले होते. वाटलं, जन्मदात्या बापासाठी याला एक सेल बदलेपर्यंत थांबवलं नाही. बाबा गेल्यावर तू आलास, परक्यासारखा भिंतीला टेकून उभा राहिलास, तेव्हाही मी तुझ्याशी कामापुरतंच बोलले. पुढे तुझी बायको मला एकदा फोनवर हळूच म्हणाली, "त्यांना यायचं होतं हो ताई, पण मामंजींनीच नको सांगितलं." मी विषय बदलला. मनात म्हटलं, बायकोपुढे तोंड दाखवायला खोटं बोलतोय. तुला मी इतकी वर्षं ओळखते आणि असं वाटून घेतलं.

त्या दिवशी बसवाल्याला मी म्हटलं, प्रोटेक्टेडच घ्या, पण एक ध्यानात ठेवा, ती बोलता बोलता मध्येच गप्प झाली तर थांबा, सेल संपला असेल. तो हसला. म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मला वाटलं असतं, रागावून गप्प बसली." तो गेला आणि मी तशीच दारात उभी राहिले. तुला कुणी सांगितलं होतं? तू गेलास तेव्हा घरात साधे सेल होते. तुझ्या ओळखीचा आवाज विझत विझत जायचा. तो मध्येच तुटतो हे तुला ठाऊकच नव्हतं. काल मी तुझ्या बायकोला मुद्दाम फोन करून विचारलं, बाबा नेमकं काय म्हणाले होते ते तुला आठवतं का, तिच्याशी कधी बोलतोस का त्याबद्दल. ती म्हणाली, "ते झोपेतसुद्धा सांगतील." ‘तू आता येऊ’, एवढंच बाबा बोलले आणि फोन ठेवून दिला. ‘नकोस’ हा शब्दसुद्धा पुरता बोलावासा वाटला नाही त्यांना, असं तू तिला म्हणालास.

अरे, त्यांनी फोन ठेवला नव्हता. ते फोन खांद्याने कानाशी दाबून धरून ते झाकण फिरवत होते, आणि तू ठेवलास तेही त्यांनी ऐकलं. त्या आवाजात प्रेम कुठलं आणि राग कुठला हे कळायची सोय नव्हती, म्हणून राहिलेलं वाक्य तू तुझ्या मनाने पुरं केलंस. मी तो सेल घेतला याचा मला पस्तावा नाही, आजही तोच घेईन. आपल्या तिघांपैकी एकानेही पुन्हा फोन केला नाही, याचा मात्र आहे, आणि तो आता जन्मभराचा. फोनवर बोलताना माझा धीर सुटला असता, म्हणून लिहिते आहे. त्या संध्याकाळी मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं होतं, नक्की कुठल्या शब्दांत सांगितलंत? तेव्हा त्यांनी मशीन गळ्याला लावून ते वाक्य मला पुन्हा म्हणून दाखवलं होतं, सावकाश, अख्खं. ते तुझं आहे, म्हणून तुला देते. "तू आता येऊनच जा."

तेव्हाही आणि आताही तुझीच,
ताई